कानाला लावलेली लेन्स

"एवढ्याशा डबीत आभाळ मावतंय व्हय?"

कॅमेऱ्यांचा दुकानदार हे मला म्हणाला नाही. लग्नाचे फोटो काढणारं एक गिऱ्हाईक काउंटरच्या कडेला उभं होतं, त्याला म्हणाला, तेही हळू आवाजात. कोल्हापुरात हळू आवाज म्हणजे रस्त्यापलीकडच्या रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही इतका. मी तीन फुटांवर होते, शेजारी पप्पा.

डबी म्हणजे मी मागितलेली लेन्स. मागितलेली म्हणजे मोबाईलवर तिचा फोटो उघडून काउंटरवर सरकवलेला. तोंड उघडलं नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. अनोळखी माणसासमोर माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग त्याचं मराठी होतं, मग ते फारच पुस्तकी वाटत नाही ना हे मी तपासते, आणि तोवर समोरच्यानं दुसराच विषय काढलेला असतो.

दुकानदारानं आधी काचेच्या कपाटातली दुर्बीण दाखवली. खोक्यावर शनी एवढा मोठा छापला होता की आत दुर्बीण कशाला ठेवली असेल असं वाटावं. मी मान हलवली. तिला माझा कॅमेरा लावायचा तर खाली ताऱ्यांच्या मागे मागे फिरणारं यंत्र लागतं, आणि ते कपाटात कुठे दिसत नव्हतं. मग त्यानं मोठी झूम लेन्स काढली, हाताच्या कोपरापर्यंत येईल अशी.

"ही घ्या अण्णा," तो माझ्या पप्पांना म्हणाला. "चांदावरचं खड्डं मोजा."

पप्पांचा चेहरा उजळला. तिथेच मला कळलं की माझं काही खरं नाही.

आमचं घर हुपरीचं, चांदीच्या पैंजणांचं. पुढच्या खोलीत पाहुणे आणि मागच्या खोलीत भट्टी. पप्पांनी आयुष्यभर वस्तू पारखली ती तळहातावर. आमच्याकडे हलकं हा शब्द शिवीसारखा वापरतात. मिक्सर, बूट, माझी शाळेची बॅग, सगळं आधी पप्पांच्या हातावर जोखून मगच घरात आलं. लेन्सचे पैसे माझे होते, घरच्या पैंजणांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढून मिळवलेले. पण पैसे कुणाचेही असले तरी हात पप्पांचाच.

त्यांनी मोठी लेन्स तळहातावर घेतली. डोळे बारीक केले.

"सातशे चाळीस ग्रॅम."

दुकानदारानं खोक्यावरचा कागद बघितला आणि पप्पांकडे वेगळ्याच आदरानं पाहिलं. मग पप्पांनी काउंटरवरची माझी बारकी लेन्स घेतली.

"दोनशे. त्यात निम्मं पिलाष्टिक. ह्येला काय अर्थ हाय?"

अर्थ होता. महिनाभर मी तेवढंच वाचत होते. मावशीचं गाव राधानगरीकडे आहे. तिच्या गच्चीवरून पुढच्या अमावास्येला आकाशगंगा दिसणार होती, आणि मला तिचा एक तरी फोटो हवा होता. साध्या स्टँडवरून. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे लांबचं ओढून दाखवणाऱ्या लेन्समधून तारे एक-दोन सेकंदांतच ठिपक्याच्या जागी रेघ होतात. शिवाय ती मोठी लेन्स उजेड कमी घेते. बारकी लेन्स आभाळाचा मोठा तुकडा घेते आणि उजेडाला अधाशी असते. मोठी घरी आली असती तर माझी अमावास्या रेघांत गेली असती, आणि दुसरी लेन्स पाच वर्षं मागायची सोय नव्हती.

हे सगळं माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं. पप्पा खिशात हात घालत होते.

"ही द्या," ते मोठ्या लेन्सकडे बोट करून म्हणाले.

मी तेव्हा जे केलं ते फार शांतपणे केलं. मोठी लेन्स दोन्ही हातांनी उचलली आणि पप्पांसमोर धरली. "बघा की नीट," एवढंच मी म्हणाले.

पैंजण नीट बघायचं म्हणजे कानाशी नेऊन हलवायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. घुंगरांचा आवाज वेगळा आणि डाग सुटलेल्या कडीचा आवाज वेगळा. डाग म्हणजे सांधा. आणि मला हेही माहीत होतं की या मोठ्या लेन्समध्ये हात थरथरला तर सावरून घेणारी एक काच असते. कॅमेरा बंद असला की ती आत मोकळी असते. हलवली की वाजते. नव्या कोऱ्या लेन्समध्येसुद्धा.

पप्पांनी लेन्स कानाला लावली. हलवली.

खट्.

पुन्हा हलवली. खट् खट्.

"डाग सुटलाय," पप्पांनी निकाल दिला.

"न्हाय ओ अण्णा, त्येचा आवाजच तसा अस्तोय!"

"पावणं, चाळीस वर्षं पैंजण वाजवून बघतोय मी. आत कायतरी सुटं हाय."

मी खाली फरशीकडे बघत होते. हसू आलं की माझे कान लाल होतात, म्हणून केस पुढे घेतले. बारकी लेन्स काउंटरवर बिचारी गप्प बसली होती, माझ्यासारखीच. पप्पांनी तीही हलवली. काही वाजलं नाही.

"ही भरीव हाय," ते म्हणाले. पहिल्यांदाच तिच्याकडे प्रेमानं बघितलं.

इथे थांबलं असतं तर मी जिंकले होते. पण तो लग्नाचा फोटोग्राफर पुढे आला. त्यानं नुकतीच पसंत केलेली तशीच झूम लेन्स पप्पांच्या हातात दिली.

"अण्णा, माझी बी बघा की जरा."

खट्.

"ह्येचा बी सुटलाय!"

"मग ऱ्हाऊ दे," फोटोग्राफर दुकानदाराला म्हणाला. "परवा लगीन हाय माझ्याकडं. नवरीनं माळ घातली आन् लेन्सचं आतडं भाईर आलं तर?"

दुकानदारानं एकदा पप्पांकडे बघितलं, एकदा त्या दोन निरोगी लेन्सकडे. दारात आणखी एक गिऱ्हाईक थांबलं होतं आणि सगळं ऐकत होतं. पप्पा त्यालाही समजावून सांगू लागले, हुपरीच्या भट्टीवर बोलतात त्या आवाजात, की माल वाजवून घ्यावा.

"ताई," दुकानदार माझ्याकडे वळला. आता त्याचा आवाज खरोखरच हळू होता. "तुम्ही तर मोबाईलवर बघून आलाय. तुम्ही तरी सांगा की."

त्याला माहीत नव्हतं की लेन्स पप्पांच्या हातात मी मुद्दामच दिली होती. गप्प बसणं मला जमतंच, त्याबद्दल कुणी बोट दाखवलं नसतं. लाजरी आहे म्हणाले असते. लेन्सही मिळाली असती. फक्त माझ्या लेन्सला डबी म्हणणारा हा माणूस भर दुकानात खोटा ठरला असता, आणि तो खोटा नव्हता.

वाक्य इंग्रजीत सुरू झालं होतं. ते मी तिथेच सोडलं.

"पप्पा, त्यात काय सुटलेलं न्हाय. ती वाजतेच. मला म्हाईत हुतं, आन् तुम्ही हलवणार ते बी म्हाईत हुतं, म्हणून तर हातात दिली. मोठी चांगली हाय, ह्या फोटोवाल्यांना त्यांची घेऊ द्या. पण मला नको. मला ही डबीच पायजे."