चिंतामणरावांचं पुण्य कुठे उतरलं

अंबरनाथच्या आमच्या सोसायटीत चिंतामणरावांना कोणी पंचांग म्हणतं, कोणी इन्स्पेक्टर. दोन्ही खरं आहे. कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य तपासणी खात्यात गेलं. समोर आलेला भाग मापायचा आणि पास की नापास तेवढं सांगायचं. 'चालेल' हा शेरा त्यांच्या खात्यात नव्हता. घरी आल्यावर हीच फूटपट्टी त्यांनी धर्माला लावली. त्यांचा निरोपसमारंभ ठरला त्या दिवशी दुपारपर्यंत अमावस्या होती. ती संपेपर्यंत शाल अंगावर घ्यायला त्यांनी नम्रपणे नकार दिला, आणि मोठे साहेब नारळ हातात धरून तिथी बदलायची वाट बघत बसले.

मात्र एक सांगायला हवं. ही फूटपट्टी ते फक्त स्वतःला लावतात. संकष्टीला कोणी वडापाव खाताना दिसला तर म्हणतात, "खाऊ द्या हो, भूक लागली असेल."

त्यांची मुलगी राजसी आणि जावई यज्ञेश यांनी चिखलोलीला फ्लॅट घ्यायचं ठरवलं. तिथे लवकरच स्टेशन होणार, असं बिल्डरच्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. स्टेशनचं राहू द्या, इमारतच पाचव्या मजल्यावर थांबली. सळया आकाशाकडे बघत वर्षानुवर्षं उभ्या. चिंतामणराव दर रविवारी स्कूटरवरून जात, रस्त्यापलीकडे थांबून त्या सळयांकडे बघत आणि परत येत. अशाच एका रविवारी त्यांनी नवस बोलला. पोरीला घर मिळू दे, अष्टविनायक करीन, आणि ते होईपर्यंत त्या घराचा उंबरठा ओलांडणार नाही.

ही दुसरी अट देवाने मागितलेली नव्हती. पण नवसाला वजन हवं, असं त्यांचं मत.

घर मिळालं. वास्तुशांत झाली. त्या दिवशी चिंतामणराव खाली पार्किंगमध्ये उभे राहून आल्यागेल्याचं स्वागत करत होते. "चौथा मजला, लिफ्टमधून बाहेर पडलं की उजवीकडे. जेवल्याशिवाय जायचं नाही हं!" स्वतःचं ताट त्यांनी खालीच मागवलं. वर राजसी कामातून सवड काढून गॅलरीत यायची, खाली वडिलांकडे बघायची आणि आत जायची. मी ते पाहिलं होतं. म्हणून दिवाळीनंतर ते म्हणाले, "सर, अष्टविनायक उरकून टाकू या, येता?" तेव्हा गुडघे नको म्हणत असूनही मी हो म्हणालो.

तिसरा भगवंत. पालेगावचा शेतकरी. मी शाळामास्तर होतो, पण हा माझा जुना विद्यार्थी नव्हे, जुना मित्र. घराण्याची भातशेती पालेगावपासून चिखलोलीपर्यंत होती. आता तिथे इमारती उगवतात. जमिनीच्या पैशातून आलेली सात जणांची पांढरी गाडी तो स्वतः चालवतो, आणि गाडीत तीनच माणसं असली की त्याला हळहळ वाटते.

प्रवासभर या दोघांचं जमलं ते असं. थेऊरला चिंतामणीचं देऊळ. रांग लांबलचक. भगवंत म्हणाला, "अरं, तुझ्याच नावाचा देव हाय आत. ओळख सांग, लवकर सोडतील."

"रांग सोडून घेतलेलं दर्शन धरत नाहीत," चिंतामणराव म्हणाले आणि रांगेच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

आठवा गणपती झाला आणि भगवंताने गाडी घराकडे वळवली, तर चिंतामणरावांनी हात वर केला. यात्रा जिथे सुरू केली त्या मोरगावला परत जाऊन आल्याशिवाय ती पुरी होत नाही.

"पयल्याकडं परत? देवाला वाटंल, ह्यांचा काय तरी विसरलाय!"

"नियम आहे."

गाडी मोरगावला गेली.

परतीच्या वाटेवर, घाट उतरल्यावर, त्यांनी शेवटचा नियम सांगितला. देवाहून येताना सरळ आपल्या घरी जायचं. वाटेत दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं तर यात्रेचं पुण्य तिथेच उतरतं.

"एसटीवानी?" भगवंताने विचारलं.

"तसंच समज."

"मग मी माझ्या सासुरवाडीवरून नाय जात. तेंच्याकडं हाय तेवढा पुरं हाय."

कर्जतला आम्ही उसाचा रस प्यायलो. चिंतामणराव दोन ग्लास प्यायले. पुढे त्यांनी थांबू दिलं नाही. "आता काय, घरीच!" बदलापूर आलं तेव्हा ते मांडीवर मांडी टाकून बसले होते आणि खड्डा आला की डोळे मिटत होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नीचा, वृंदावहिनींचा फोन आला. चिंतामणरावांना फोन कानाला लावायचा कंटाळा, त्यामुळे त्यांचा संसार आम्हाला नेहमी स्पीकरवर ऐकू येतो.

"कुठवर आलात?"

"बदलापूर. पोचतोच घरी."

"घरी कोण आहे? मी राजसीकडे आहे सकाळपासून. नवस फिटला ना? आता इकडेच या. पुरणपोळ्या केल्यात तिने."

"अगं, असं कसं? आधी घरी जावं लागतं. मग संध्याकाळी येऊ की."

"जा मग. कुलूप आहे."

"माझी किल्ली आहे माझ्याकडे." त्यांनी खिसे चाचपले. वरचा, खालचा, मग पिशवी.

"देवघराच्या खुंटीला होती," वहिनी म्हणाल्या, "मी पर्समध्ये घेतली. बाहेर राहिली असती तर हरवली असती हो."

घरातली किल्ली खुंटीवर असताना बाहेर कशी राहिली असती, हे चिंतामणरावांनी विचारलं नाही. भगवंत मात्र स्टिअरिंगवर हात आपटून हसला. बदलापूरहून अंबरनाथला जाताना चिखलोली वाटेतच लागतं. त्याने गाडी सरळ राजसीच्या सोसायटीत घातली.

"किल्ली घेऊ आणि निघू," चिंतामणराव म्हणाले. "मी गाडीतून उतरत नाही. तुम्ही दोघं वर जा, जेवा. नवस माझा आहे, सोबत्यांना सूट असते."

ही सूट कुठल्या ग्रंथात आहे, हे मी विचारलं नाही.

"मना सूट नको," भगवंत उतरत म्हणाला. "मी घरीच आलो. हितं आमचे आज्याचा भात व्हायचा. लिफ्ट हाय ना, थेट तिथं बांध होता."

"मग तुझं पुण्य इथेच उतरलं बघ."

"उतरू दे. जमीन त गेली, पुण्य तरी राहू दे." आणि तो खरंच वर गेला. मी चिंतामणरावांपाशी थांबलो. गाडीत उकडायला लागलं म्हणून वॉचमनने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणून दिल्या. पार्किंगला उंबरठा नसतो, तेव्हा तिथे बसायला हरकत नाही, असं ठरलं.

चौथ्या मजल्यावरून वहिनी वाकल्या. "अहो, पोळ्या गार होतायत!"

"किल्ली टाक!"

"वरून? गटारात गेली म्हणजे? वर येऊन घ्या!"

दोन-तीन गॅलऱ्यांत माणसं आली. एकाने विचारलं, "काका, मदत हवीय का?" चिंतामणरावांनी त्यांना नमस्कार केला आणि पाय दुसऱ्या बाजूने आवळून बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि तो सगळा उन्हाचा नव्हता.

मग लिफ्टचं दार उघडलं आणि राजसी आली. नवी साडी नेसली होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ताट, ताटात निरांजन, हळदकुंकू, भाकरीचा तुकडा, दुधाची वाटी. यात्रेहून आलेल्या माणसाचं दारात करतात ते सगळं. खाली येईपर्यंत निरांजन विझलं होतं.

"बाबा, सगळी तयारी केली होती. चला ना."

"येणार बाळा. संध्याकाळी नक्की येणार. आधी घरी जाऊन—"

"मग इथेच धुवू का पाय?"

"इथे नको, ऑइल सांडलंय, साडी खराब होईल." मग समजावणीच्या सुरात, खात्यातल्या नवीन मुलाला सांगावं तसं म्हणाले, "नियम असा आहे, राजसी, की देवाहून आल्यावर दुसऱ्याच्या घरी आधी जायचं नसतं."

शब्द बाहेर पडला तो पडलाच. वॉचमनसुद्धा दुसरीकडे बघायला लागला.

राजसी रडली नाही. माझ्या शाळेत अशा मुली असत. निकाल वाईट आला तरी वही नीट दप्तरात ठेवून मगच वर्गाबाहेर जायच्या. तिने ताट आणि तांब्या गाडीच्या बॉनेटवर ठेवले, कमरेची किल्ली काढली आणि वडिलांच्या हातात दिली. म्हणजे वहिनींनी पर्समधून काढून मुलीकडे देऊन ठेवली होती. वर न येता गेले तर निदान पोरीच्या हातून जाऊ देत, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

"डबा भरून देते," ती म्हणाली. "आईचा आणि तुमचा. सर, तुम्ही तरी जेवून जा." ताट-तांब्या उचलून ती लिफ्टकडे गेली.

हवी होती ती किल्ली चिंतामणरावांच्या हातात होती. गाडीही होती. भगवंताला हाक मारली असती तर दहा मिनिटांत घर. ते खुर्चीतच बसून राहिले.

"सर," थोड्या वेळाने ते म्हणाले, "दुसऱ्याचं घर म्हणजे नक्की कुठलं धरायचं?"

"मी भूगोल शिकवला चिंतामणराव. धर्मातलं मला विचारू नका."

"नाही, पण तुमचं मत?"

"नवस कोणत्या घरासाठी होता?"

मान वर करून ते चौथा मजला बघत राहिले, रस्त्यापलीकडून बघत तसेच. मग तपासणी खात्यातला माणूस जागा झाला.

"म्हणजे ऑर्डर इथली," ते सावकाश म्हणाले, "आणि मी माल अंबरनाथला उतरवायला निघालोय. हे नापास आहे सर. साफ नापास." ते उठले आणि लिफ्टकडे बघून ओरडले, "राजसी! डबा भरू नकोस!"

लिफ्ट वर गेली होती. ती खाली यायची वाट न बघता हा माणूस जिन्याने चार मजले चढला. माझे गुडघे त्यांच्या मागून आले.

यानंतर जे झालं त्यावर आमच्यात अजून वाद आहे. भगवंत म्हणतो, नियमबियम काही नाही, उसाच्या रसाने त्याला वर नेला. मी त्या वेळी दारात होतो, भगवंत पुरणपोळीत होता, म्हणून मी काय पाहिलं ते सांगतो.

चिंतामणराव दारापर्यंत आले आणि थांबले. राजसीने निरांजन पुन्हा पेटवलं. वात भिजली होती, तीन काड्या गेल्या. मग तिने पायांवर दूध घातलं, पाणी घातलं, पुसलं, कुंकू लावलं, ओवाळलं. भाकरीचा तुकडा आत राहिला होता, तो आणायला गेली. सगळं हळूहळू चाललं होतं. त्यांचा एक पाय दुसऱ्यावर चढत होता, चेहरा लाल झाला होता. पण एकदाही "आटप" म्हणाले नाहीत. ज्याला नुसती घाई लागलीय तो माणूस इतका वेळ दारात उभा राहत नाही. तुकडा ओवाळून टाकला, तेव्हा त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, उजवं पाऊल आत टाकलं, डावं टाकलं, घराकडे एकदा डोळे भरून बघितलं आणि विचारलं, "बाथरूम?"

"डावीकडे, बाबा," राजसी म्हणाली, आणि आता मात्र हसता हसता रडायला लागली.

वृंदावहिनी बाथरूमच्या बंद दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, सगळं पुण्य इथे उतरवलंत, आपल्या घराचं काय?"

"पुढच्या वर्षी!" आतून आवाज आला.

भगवंताने तुपाची वाटी खाली ठेवली. "सर," तो मला म्हणाला, "माझी गाडी कोन घेतंय का बगा."