लांडगा चावलेला माणूस

काल नातीनं टीव्हीवर विंग्रजी पिक्चर लावला. लांडगा चावलेला माणूस त्यात लांडगाच व्हतो. "मला बांधून ठेवा," असं तो वरडला, तशी पोरं खो खो हसली.

आमच्या मालकास्नी मेंढरं राखताना खरंच लांडगा चावला व्हता. आमी दवाखाना सोडून देवऋष्याकडं गेलो, अंगारा लावला. महिन्यानं पाणी बघितलं की मालक थरथराया लागलं. शुद्धीत व्हतं तवाच म्हणलं, "पारू, मला बांध. पोरं ल्हान हायती."

घोड्याच्या दाव्यानं मीच बांधलं. गाठ सैल ठिवली, तर म्हणलं, "घट्ट मार."

"आज्जे, भ्यालीस व्हय?" नातीनं इचारलं.

"न्हाई गं. त्यो पिक्चरमधला लांडगा झाला. तुजा आज्जा शेवटपतूर माणूसच ऱ्हायला."