तीन पायांचा पाणघोडा

सेनबीच्या शेजारी बसून मी तीस वर्षं दगड घासले. मी केलेला बेडूक लोकांना दगड वाटायचा, त्याने घेतलेला दगड बेडूक व्हायचा. मत्सर होता, आता नाही.

त्याची मुलगी मेरेत बाळंतपणात गेली. तिच्यासाठी त्याने लाल अकीक दगडाचा अंगठ्याएवढा पाणघोडा कोरला. पाणघोडा राखणही करतो, पण धडधाकट थडग्यात ठेवला तर मेलेल्यालाच फाडतो, म्हणून आम्ही त्याचा एक पाय मोडतो. सेनबीने मागचा डावा पाय मोडला आणि तो तुकडा कमरेच्या गाठीत बांधला. मूर्ती दिली धाकट्या भावाकडे, हेपूकडे. मृतदेह कापडात गुंडाळायचं काम त्याचंच होतं. "माझ्या हातांनी गळ्यात बांधतो, दादा," असं तो म्हणाला होता.

दोन वर्षं गेली, नदीला दोन पूर येऊन गेले. एकदा नावाड्याची बायको देदेत आमच्या ओट्यावर आली. मूर्ती स्वस्तात मिळालीय, फक्त एक पाय नाही, तेवढा बसवून द्या म्हणाली. सेनबीने गाठ सोडून तुकडा लावून पाहिला. तो चपखल बसला. मूर्ती कुणाकडून घेतलीस, असं त्याने हळूच विचारलं.

"तुमच्याच हेपूकडून. तुमच्याकडचा बिघडलेला माल आहे म्हणाला."

त्याने तिला दुसरी मूर्ती दिली आणि ही ठेवून घेतली. मग आम्ही हेपूकडे गेलो. त्याने नाकारलं नाही.

"तिला आता काय करायचंय त्याचं, दादा? माझ्या घरात खाणारी तोंडं आहेत."

"पोरीला अंधारात उघडी टाकलीस," एवढंच सेनबी म्हणाला.

परतताना त्याने तीन पायांचा पाणघोडा मेरेतच्या थडग्याच्या दाराशी वाळूत पुरला. परक्याला दिला असता तर मी तिथे उभा राहून पाहिलं असतं, भाऊ म्हणून पाठ फिरवली, असं म्हणत तो रडला.

सात वर्षं भावाशी बोलला नाही. अलीकडेच हेपू तापाने गेला. त्याची बायको रडत आली, भावजींच्या हातचं काहीतरी सोबत जाऊ दे म्हणाली. सेनबीने चार दिवस खपून पाणघोडा केला. आयुष्यात इतका सुंदर केला नव्हता. पोचवायला माझ्या हातात दिला, तेव्हा मी उलटा करून पाहिला.

"पाय मोडायचा राहिला," मी म्हणालो.

"राहिला नाही," सेनबी म्हणाला आणि पुढचा दगड घासायला घेतला.

मी तो तसाच नेऊन दिला.