१००४ नंबर

मी कॉम्प्युटर लॅब सांभाळते. मशीन बिघडलं की त्याला कारण असतं आणि ते लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, सापडतं, एवढंच मला माहीत. भुताखेताच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जायची. त्यामुळे हे लिहू की नको, यातच दीड वर्ष गेलं...

पांढुर्ण्याच्या एका खाजगी कॉलेजात मी नोकरीला आहे. विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्या आम्हा तिघांचा मोबाइलवर ग्रुप होता – मी, सौंसरला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला नितीन, आणि आमच्याच कॉलेजात क्लार्क असलेले मोहगावचे विलासभाऊ. ग्रुपवर रोज तेच. कोणती फाइल सिस्टिम बरी, होमची पार्टिशन वेगळी ठेवावी का. "अपडेट मारलं न् बूट मेनूच गायब. सकाळपासून काळी स्क्रीन पाहून राहिलो," असं नितीन लिहायचा. मग विलासभाऊंचं उत्तर यायचं, "पेनड्राइववरून चालू कर. मी सांगतो तसं टाइप करत जा."

विलासभाऊंनी दहा वर्षं गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांची जात्यावरची गाणी रेकॉर्ड केली होती. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ते स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि त्या बाईचं नाव सांगायचे. आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, त्यांना म्हणाले, "कॉलेजच्या मशीनवर ठेवा, सुरक्षित राहील." त्यांनी सगळं आणून ठेवलं; त्यासाठी डिस्कचा वेगळा भाग, म्हणजे पार्टिशन, मीच काढून दिली. लिहून काढलेल्या वह्यासुद्धा सरांना वाचायला दिल्या.

एका दुपारी सर मला म्हणाले, "विलासचं खातं काढून टाका आणि ती पार्टिशन फॉरमॅट करा. त्याने त्याचं सगळं नेलं आहे."

मी विचारलं नाही. कमांड टाइप केली, एंटर दाबलं. हो, माझ्याच हाताने.

दुसऱ्या दिवशी विलासभाऊ लॅबमध्ये आले. रिकामा फोल्डर बराच वेळ बघत बसले.

"ताई, पुसायच्या आधी मले एक फोन तं करायचा होता," एवढंच म्हणाले. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती, आणि वह्या सरांकडेच होत्या.

दोन महिन्यांनी हार्ट अटॅकने ते गेले. आणि पावसाळा संपता संपता कार्ड आलं – सरांच्या पुस्तकाचं प्रकाशन. जात्यावरची गाणी. विलासभाऊंचं नाव कुठेच नव्हतं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात काय होतं ते लपवत नाही. कार्यक्रम सकाळी अकराला, मी नऊलाच हॉलमध्ये पोचले. तेच मशीन प्रोजेक्टरला लावायचं होतं. सरांचं भाषण, पुस्तकाच्या फाइली, सगळं त्याच पार्टिशनवर होतं. ते पुसून टाकायचं आणि भरल्या सभेत या माणसाला पांढऱ्या पडद्यासमोर उभं करायचं, असं मी ठरवून आले होते.

पण फॉरमॅटच होईना. मशीन म्हणे, पार्टिशन वापरात आहे. कोण वापरतंय ते पाहिलं. नावाच्या जागी नुसता नंबर... १००४. ज्याचं खातं काढलेलं असतं, त्याचं नाव दिसत नाही, उरतो तो नंबर. १००४ विलासभाऊंचा होता.

मी ती प्रोसेस, म्हणजे त्या नंबरचा चालू प्रोग्राम, बंद केली. ती परत आली. पुन्हा बंद केली, पुन्हा आली. शेवटी मशीन रिस्टार्ट केलं. डिस्क तपासत आहे असा संदेश आला आणि टक्केवारी सरकेचना. तोवर हॉल भरला. सर माइकसमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "लावा."

मी कशालाच हात लावला नाही. स्पीकरमधून आवाज आला, "मी विलास, मोहगाव. आज माझ्यासोबत..." आणि बाईचं नाव. मग गाणं. ते संपलं की पुन्हा तोच आवाज, दुसरं गाव, दुसरी बाई. हॉलमध्ये मोहगावची माणसं बसली होती. एक म्हातारी उभी राहून म्हणाली, "हा तं माहा आवाज व्हय. गानं भरून न्याले विलास आला होता, हे साहेब तं कधीच आले नव्हते."

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "बंद करा ते."

"होत नाही सर," मी म्हटलं. मला बरं वाटत होतं. आजही वाटतं.

शेवटच्या रेकॉर्डिंगला नाव-गाव नव्हतं. एका बाईचा थकलेला आवाज –

*लेकाचं माझ्या नाव, कोणं पुसलं पाटीवरून,*
*हात त्याचा थरथरो बाई, सभा बसली भरून.*

सरांच्या हातातला माइक खडखडत होता. स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येत होतं. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि मागच्या दाराने निघून गेले. पुस्तक बाहेर आलंच नाही.

डिस्कवर परत दिसू लागलेल्या विलासभाऊंच्या सगळ्या फाइली मी त्याच दुपारी कॉपी करून घेतल्या. नितीनने नंतर डिस्क तपासली. म्हणाला, "ताई, तू फॉरमॅट अर्धवट केली असशीन. जुना डेटा निंघते कधी कधी." मी मान हलवली. तेवढंच असतं तर मलाही पटलं असतं.

पुढच्या आठवड्यात पेनड्राइव घेऊन मोहगावला विलासभाऊंच्या आईकडे गेले. मोबाइलला जोडून एकेक ऐकवलं. शेवटचं लागलं तशी त्यांनी माझा हात धरला.

"हे तुले कुठं भेटलं?"

"विलासभाऊंनीच केलं असेल ना रेकॉर्ड?"

"त्याले मी कधी गाऊन नाही देल्लं. लाज वाटे," त्या म्हणाल्या. "हे तं तो गेला, त्याचं पुण्यानुमोदन झालं, मंग म्हणलं मी. घरात एकटीच होती."

त्यांनी मोबाइल माझ्याकडे सरकवला. त्या म्हणाल्या, "अजून एकदा लाव."

मी लावलं. ते गाणं त्या मशीनमध्ये कसं आलं, याचं कारण मला कुठल्याच लॉगमध्ये सापडलेलं नाही.