हिच्या हातचं पाणी

"पिऊ नका साहेब. हिच्या हातचं आहे."

सर हसत म्हणाले. मुंबईहून आलेले पाहुणे हसले. मग प्रयोगशाळेतले सगळेच हसले. पाहुण्यांनी उचललेला पेला अलगद खाली ठेवला.

पेल्यात पाणी होतं. हायड्रोजन नि ऑक्सिजन एकत्र येऊन झालेलं. माझ्या फ्युएल सेलमधून थेंब थेंब गळलेलं. माझा हात लागला म्हणून ते बाटलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नाशकात एमएस्सीला होते. आमच्या बौद्ध वस्तीतून प्रयोगशाळेपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. हायड्रोजनवर वीज देणारा तो सेल सुरू व्हायचा, त्यावर जोडलेला छोटा पंखा गरगरायचा, आणि थोड्या वेळात मरायचा. आत तयार झालेलं पाणीच वायूची वाट अडवायचं. ग्राफाइटच्या प्लेटवर सरळ खाचा होत्या. एकीत थेंब अडकला की वायू शेजारच्या खाचेतून निघून जाई. थेंब तिथंच.

मी नवी प्लेट कापली. एकच खाच. नागमोडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वायूला दुसरी वाटच नाही. थेंबाला ढकलतच पुढं जायचं. कितीतरी प्लेटी तडकल्या. नखांत काळी भुकटी बसली, आंघोळीनं निघेना. शेवटी पंखा फिरत राहिला. पूर्वीपेक्षा जोरात. त्या दिवशी त्याच्यासमोर मी एकटीच रडले.

आणि आता सर पाहुण्यांना सांगत होते, "डिझाइन माझं. पोरीनं नुसतं कानशीनं घासलं."

म्हणजे पाणी माझ्या हातचं. डोकं त्यांचं.

सवयीनं मान खाली गेलीच होती. ती वर केली. सिलिंडरचा कॉक बंद केला. पंखा थांबला. हसणंही थांबलं. पाना घेतला आणि नट सोडवायला लागले.

"काय चाललंय?" सर ओरडले.

"प्लेट काढतेय. माझ्या हातची आहे ना. विटाळ नको तुम्हाला."

"ठेव ती! उद्यापासून इथं दिसू नकोस."

"नाही दिसणार. ही प्लेट पण नाही दिसणार."

ओढणीत गुंडाळली आणि निघाले.

अण्णा, माझे वडील, कारकून होते. सगळं ऐकून म्हणाले, "माफी माग पोरी. वर्ष जाईल." हात जोडले त्यांनी. बापानं लेकीपुढं.

मी म्हणाले, "जाऊ दे."

वर्ष गेलं. प्रवेशही गेला. पाहुण्यांनी चकार शब्द काढला नाही. सरांनी तशीच दुसरी प्लेट करून घेतली. ते डिझाइन त्यांच्या नावानं छापूनही आलं. मला न्याय मिळाला नाही.

दुसऱ्या शहरात मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी तिथल्या बाईंनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. मोठ्यानं, अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

पडू दे. यापुढं माझ्या कामावर माझंच आडनाव राहील. नाहीतर ते काम होणारच नाही.