भूल देणारे रायर

सिझेरियनच्या टेबलावर आलेल्या प्रत्येक बाईला रायर एकच प्रश्न विचारत. पाठीत इंजेक्शन देऊन झालं, कमरेखालचं अंग बधिर व्हायला लागलं, की ते तमिळमध्ये म्हणत, "घरी कोळंबू कसा करतेस, सांग बघू." कोळंबू म्हणजे चिंचेची आमटी. कुंभकोणमच्या घराघरांत ती होते, त्यामुळे कुठलीही बाई न लाजता सांगायला लागे. आधी तेल, मग मेथी, मग छोटे कांदे. सांगता सांगता ती अडखळली, चिंच घालायलाच विसरली, की रायर म्हणत, "हिचं बीपी पडतंय." मशीनवर अजून आधीचाच आकडा असे. पुढचा आकडा यायचा तो खाली आलेला.

मला हे सहन होत नसे.

मी साताऱ्याची. पुण्यात एम.डी. केलं आणि नवऱ्याची बँकेतली बदली कुंभकोणमला झाली म्हणून इथल्या एका इस्पितळात भूलतज्ज्ञ म्हणून लागले. रायर माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, पण त्यांच्याजवळ नुसता डिप्लोमा. तंजावूरच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेल्या मराठी घरातले. अशा माणसाला इथे रायर म्हणतात. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कोणी घेत नसे.

माझ्याशी ते त्यांच्या घरचं मराठी बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुम्हांस कॉफी हवी कीं चहा?" मला हसू आवरलं नाही. बखरीतला एखादा कारकून पांढरा कोट घालून समोर उभा राहावा तसं वाटलं. त्यांच्या ते लक्षात आलं. "तुमची मराठी पुढें गेली, डॉक्टरबाई," ते शांतपणे म्हणाले. "आमची इथेंच बसून राहिली."

आमच्या विभागप्रमुखांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत. त्यांनी त्या सुमारास एक संशोधन सुरू केलं. पाठीतल्या भुलीनंतर आईचा रक्तदाब एकाएकी घसरतो. तिला मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पोटातल्या बाळाचाही रक्तपुरवठा कमी होतो. रक्तदाब टिकवणारं औषध सुरुवातीपासूनच थेंबथेंब सोडावं, की घसरल्यावर द्यावं, एवढाच प्रश्न होता. सिरिंजमध्ये औषध आहे की नुसतं सलाईन, हे आम्हाला कळत नसे. आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला तरच जादा औषध द्यायचं, आणि तशी नोंद करायची.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये प्रत्येक बाईला अर्धा अर्धा तास समजावून सांगे, संमतीपत्र पुढे करी, आणि ती सही करता करता विचारी, "पण रायर असतील ना?" मी स्वतः बाई असून त्यांना तो म्हाताराच हवा असे.

एकदा कॉफी पिताना रायर म्हणाले, "इतकीं वर्षें भूल दिली. एकदां आपलें नांव छापून यावें असें वाटतें." माझ्या मनात आलं, हेही यांनाच हवं का?

मग तिरुभुवनमची ती मुलगी आली, रेशीम विणणाऱ्या घरातली. भूल मी दिली होती. मी मशीनकडे पाहत होते, आकडा ठीक होता. शेजारचं ऑपरेशन संपवून रायर दारातून डोकावले.

"ती बोलेना," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं तर तिचे ओठ पांढरे पडले होते. दंडावरचा पट्टा फुगला, उतरला. वरचा आकडा साठच्या घरात. मी रायरांकडे पाहिलं. रायर जवळ येऊन उभे राहिले, पण सिरिंजला शिवले नाहीत. "औषध तुम्हींच द्या. पेशंट तुमची आहे."

मी दिलं. दोन मिनिटांत तिच्या गालांवर रंग आला, आणि थोड्याच वेळात बाळ रडलं. तिसऱ्या दिवशी तिचा नवरा स्वतः विणलेलं अंगवस्त्र घेऊन आला. ते रायरांसाठी होतं. मला त्याने अदबीने नमस्कार केला.

त्याच आठवड्यात मी रायरांच्या फायली काढून बसले. त्यांच्या पेशंटमध्ये रक्तदाब रेषेखाली गेल्याच्या नोंदी जवळजवळ नव्हत्याच. म्हणजे आकडा पडण्याआधीच ते औषध देत होते. नियमभंग. असं चाललं तर अभ्यासाला काही अर्थच उरणार नव्हता. ही काळजी खरी होती. आणि मला आनंद झाला, हेही खरं. मी तडक मोठ्या मॅडमकडे गेले. "रायर अभ्यास बिघडवताहेत."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "शेवटचं पान वाचलंस?"

वाचलं नव्हतं. मी आकड्यांचा तक्ता तेवढा पाहिला होता. शेवटच्या पानावर शेऱ्याची जागा होती, आणि तिथे फायलीमागून फायलीत रायरांचं किरटं अक्षर होतं: आकडा येण्याआधी औषध दिले. नियम मोडला. ही नोंद वेगळी धरावी.

"दर वेळी स्वतः येऊन सांगतात," मॅडम म्हणाल्या. "मी दोनदा समजावलं. काल त्यांनीच अभ्यासातून माघार घेतली. तुला सांगणारच होते."

संध्याकाळी रायर व्हरांड्यात भेटले. मी म्हणाले, "मी तुमची तक्रार केली."

"ठाऊक आहे. बरोबरच केलें. चूक माझीच होती." मग म्हणाले, "आकडा यावयास एक मिनिट लागतें. तेवढें मिनिट मला थांबवत नाहीं, डॉक्टरबाई. अभ्यास चांगला आहे, तो व्हावाच. मींच त्याच्या कामाचा नाहीं."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

औषध आधीपासून दिलेलं बरं, असंच आमच्या अभ्यासात दिसलं. निबंध छापून आला, त्यावर माझं नाव दुसरं होतं. मी एक प्रत रायरांना दिली. त्यांनी चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि एका तक्त्यातली बेरजेची चूक दाखवली. "बाकी सुरेख लिहिलें आहे," म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

निवृत्त झाल्यावर ते पापनाशमला राहायला गेले. गेल्या वर्षी थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन वारले. मी समाचाराला गेले तर दारापुढच्या ओट्यावर बायकाच बायका बसल्या होत्या. काहींच्या कडेवर मुलं, काहींची मुलं त्यांच्याहून उंच. मला पाहून तिरुनीलक्कुडीची एक बाई बाजूला सरकली आणि जागा करून देत हळूच म्हणाली, "तुम्हाला काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मी डॉक्टर आहे," मी म्हणाले. "त्यांच्याबरोबर काम करायचे."

"अस्सं." तिने डोळे पुसले. "माझ्या वेळी बाळ रडेपर्यंत त्यांनी माझ्या कपाळावरचा हात काढला नाही. या सगळ्या तेच सांगताहेत." मग तिने माझ्याकडे जरा कणवेने पाहिलं. "तुम्हाला नाही म्हणजे तो हात मिळाला."

ओट्यावरच्या एकूण एक बाईचा मला त्या क्षणी हेवा वाटला.

"नाही," मी म्हणाले, आणि तिच्याशेजारी बसले.