मोडायचा ब्रेक

आमच्या भागात ब्रेक हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. आळेफाट्यावर पुणे-नाशिकचा रस्ता आणि कल्याण-नगरचा रस्ता एकमेकांना छेदतात आणि त्या चौकाच्या आजूबाजूला गॅरेजच गॅरेज. पाट्या इंग्रजीत. ब्रेक, क्लच, गिअर, सगळं काम करून मिळेल. एबीसीडी आल्यापासून त्या पाट्या वाचतच आम्ही मोठे झालो. म्हणून पुढं जो घोटाळा झाला तो आमचाच व्हायचा होता. पुण्याच्या पोरांचा झाला नसता.

मी पिंपळवंडीची. बारावी झाले तेव्हा आमची आत्या, म्हणजे वडलांची थोरली बहीण, घरी आली आणि तिनं फर्मान काढलं, "पोरीला काम्पुटर शिकवा. आता समद्या स्थळांना काम्पुटरवाली पायजे." म्हणजे बघा, मी शिकावं म्हणून नाही, खपावं म्हणून मला क्लासला घातलं. वडलांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं, पण बहिणीच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. मला राग आला. पण रोज घराबाहेर पडायला मिळणार होतं, म्हणून तो गिळला.

क्लास आळेफाट्याला, एका जैन शेठच्या हार्डवेअरच्या दुकानावर. खाली पाइप, पत्रे, खिळे आणि वर आमचे डबड्यासारखे कॉम्प्युटर. त्यांना धूळ चालत नाही म्हणून चपला जिन्यातच काढायच्या. आम्ही खुर्च्या सरकवल्या की शेठ खालून ओरडायचे, "काय हो सर, वर मळणी चाललीय का?" सर ओतूरकडचे, आमच्याहून थोडेच मोठे. शहरी बोलायला सुरुवात करायचे आणि विषय अवघड झाला की गावच्या बोलण्यावर यायचे. आम्हाला तेच समजायचं.

त्यांनी सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला लूप शिकवला. लूप म्हणजे फेरा. एकच काम कॉम्प्युटरकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं आणि कधी थांबायचं ते आधीच सांगून ठेवायचं. मी नेमकं तेच सांगायला विसरले. पडद्यावर माझं नाव उमटायला लागलं ते थांबेचना. नावाखाली नाव, नावाखाली नाव, वर सरकतंय आणि खालून नवीन येतंय. बाकीच्यांच्या तोंडचं पाणी पळालं, मशिन जळतं की काय म्हणून. मला मात्र भारी वाटलं. आमच्या घरात माझं नाव इतक्यांदा कुणी घेतलं नव्हतं, आणि घेतलं तरी पाणी आण म्हणायलाच.

मग कंटिन्यू आला. कंटिन्यू म्हणजे चालू ठेवा, इतकं इंग्रजी आम्हाला येत होतं, म्हणून वाटलं की त्याच्या खालच्या ओळी चालू राहतील. निघालं उलटंच. खालच्या ओळी सोडून मशिन सरळ पुढच्या फेरीला लागायचं. डोक्यात काही शिरेना. सर म्हणाले, "पंगत बघितली का न्हाई? वाढपी बुंदी घिऊन फिरतोय. येका पावण्यानं ताटावर हात आडवा धरला. वाढपी काय करतो? त्याला सोडतो, फुडच्याकडं जातो. पंगत थांबती का? कंटिन्यू म्हंजे हात आडवा." हे सगळ्यांना पटलं. मी विचारलं, "सर, बायांची पंगत शेवटी बसती. तवर बुंदी संपल्याली असती. त्याला काय म्हणायचं?" पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "ती लूप लिहिणाऱ्याची चूक."

त्या दिवसापासून मला हा विषय आवडायला लागला. फेरा कुणीतरी लिहिलेला असतो, आपोआप फिरत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

ब्रेक शिकवायच्या दिवशी लाईट गेली. धूळ नको म्हणून खिडक्या बंद, त्यामुळं फळा दिसेना. सरांनी नुसतं तोंडानं सांगितलं, "फेरा चालू असताना मधूनच बाहेर पडायचं असंल तर ब्रेक लिहायचं." आम्ही माना हलवल्या. त्यात काय समजायचं राहिलं होतं? लाईट आल्यावर सगळ्यांनी टाइप केलं, आणि एकाही मशिनवर प्रोग्राम चालेना. असला शब्दच मला माहीत नाही, असं प्रत्येक मशिन म्हणायला लागलं. बेल्ह्याचा एक जण होता, त्याच्या घरचा टेम्पो बैलबाजाराच्या भाड्यावर असायचा. तो उठून सरांशी भांडायला लागला, "मशिन खराब हाय सर. आमच्या टेम्पोच्या मागं हेच स्पेलिंग हाय."

सरांनी पडदे बघितले. सगळ्यांनी लिहिलं होतं बी आर ए के ई. गॅरेजच्या पाटीवरचा ब्रेक. सर खुर्चीत बसून डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसले. मग कीबोर्डच्या कोपऱ्यातलं एक बटण दाखवलं. त्यावर लिहिलेलं होतं, बी आर ई ए के. इतके दिवस नाकासमोर असून आम्ही कुणी वाचलं नव्हतं.

"ह्यो गाडीचा ब्रेक न्हाई," सर म्हणाले. "ह्यो मोडायचा ब्रेक. गाडीचा ब्रेक मारला की गाडी त्याच रस्त्यावर उभी ऱ्हाती. ह्यानं फेराच मोडतो, आन् प्रोग्राम त्याच्या खालच्या ओळीवर जातो. प्रोग्राम थांबत न्हाई, मरत न्हाई. फेऱ्यातनं सुटतो फक्त." आणि जाता जाता म्हणाले, "येकात येक लूप असतील तर ब्रेक आतल्यातनं काढतो. भायेरचा चालूच ऱ्हातो, हे इसरू नका."

तेवढ्यात माझं लग्न ठरलं. डिंगोऱ्याची माणसं. मुलगा चाकणला कंपनीत, घरी बारमाही पाण्याची शेती. बघायला आले तेव्हा मुलाच्या वडलांनी विचारलं, "काम्पुटर येतो का?" मी येतो म्हटल्यावर त्यांनी अशी मान डोलावली, जशी गाय दोन्ही वेळेला दूध देती म्हटल्यावर डोलावतात. पण त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की कोर्स पुरा करू देऊ, नोकरी करायची तर करू देऊ. मुलगा वाईट नव्हता, हे मी आजही सांगते. मी हो म्हणाले. अण्णांनी पाव्हण्यांना हो कळवलं आणि सुपारी फुटली.

आणि दोन-चार दिवसांनी सरांनी मला थांबवून घेतलं. मंचरला नवा क्लास निघत होता. मुलींची वेगळी बॅच, शिकवायला बाईच पाहिजे. "परीक्षा पास झालीस तर ती जागा तुझी," सर म्हणाले. जिना उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मला ती जागा हवी होती. दागिना नको, साडी नको, मला फळ्यासमोर उभं राहायचं होतं आणि मी बोलताना समोरच्यांनी लिहून घ्यायला हवं होतं. इतकं काही हवं असण्याची मला सवय नव्हती.

डिंगोऱ्याची माणसं तारीख धरायला आली, आणि त्यांनी धरली ती नेमकी परीक्षेच्या आठवड्यातली. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, "परीक्षा झाल्यावर धरा." मुलाचे वडील अण्णांना म्हणाले, "पावणं, आता परीक्षा कशाला? शिकली तेवढं बास झालं की." आत्यानं माझ्याकडं डोळे वटारून बघितलं. अण्णा जमिनीकडं बघत होते.

मग मुलगा हसून म्हणाला, "अहो, एक छोटासा ब्रेक समजा. ब्रेक के बाद बघू की."

सगळे हसले. आईसुद्धा पदरात हसली. त्या काळात टीव्हीवर दर पाच मिनिटाला कुणीतरी हेच म्हणायचं. मला हसू आलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बाहेर आले. अण्णांच्या पाठीमागं न थांबता मधेच उभी राहिले.

"ब्रेकनंतर काय असतं?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"टीव्हीवर ब्रेक संपला की मालिका हाय तिथून फुडं सुरू व्हती. माझं कुठनं सुरू व्हणार? मंचरची जागा कोण माझ्यासाठी धरून बसणार हाय?"

"घरचं सगळं एकदा बसू द्या, मग बघू ना."

"घरचं कवा बसतं?"

त्यानं आपल्या वडलांकडं बघितलं. बस, तेवढंच झालं. एवढा कंपनीत जाणारा माणूस, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर बापाच्या तोंडावर शोधत होता. मी मुलाच्या वडलांना म्हणाले, "तुमी कबूल केलं व्हतं. ह्याच घरात, ह्याच जागेवर."

"बोलण्यात बोलतो की माणूस," ते म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं मी का चिडले ते.

"मग मी पण बोलण्यात हो म्हणाले व्हते. हे लग्न मोडलं समजा."

आमच्याकडं लग्नं मोडतात, नाही असं नाही. पण ती मोडायची पुरुषांनी, बाहेर बसून, पोरीला शेवटी कळवायचं. ज्या पोरीचं मोडलं तिनं तोंड लपवायचं. इथं पोरीनंच उभ्या उभ्या मोडलं आणि तोंड लपवलं नाही. आत्या म्हणाली, "हिचं टाळकं फिरलंय, मनावर घिऊ नका." मी म्हणाले, "घ्या. मनावरच घ्या." आईनं रडायला सुरुवात केली. अण्णा उठले, पाव्हण्यांना गाडीपर्यंत सोडून आले आणि तसेच मळ्यात निघून गेले.

पुढचे दिवस काही सोपे नव्हते. काम्पुटरनं पोरगी बिघडली, असं स्टँडवरच्या बाया मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायच्या. मी त्यांच्यासमोरच उभी राहून यष्टीची वाट बघायचे. मान खाली घातली नाही. आत्यानं तर धोशाच लावला, "आता तुला कोण करून घेणार?" मी म्हणाले, "मी काय भाकरी हाय का, करून घ्यायला?" त्यावर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मला बरंच झालं. अण्णांनी बोलणं टाकलं नव्हतं, पण बोलतही नव्हते, आणि ते मात्र मला सहन व्हायचं नाही. आत्या, स्टँड, डिंगोरं, सगळ्यांना मी पुरून उरले असते. अण्णा गप्प बसले की जेवण जायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी मोटारसायकल काढली. "बस," म्हणाले. एवढंच. मला आळेफाट्याला सोडलं. मी पास झाले. चांगली पास झाले, उगीच विनय कशाला दाखवू? नारायणगाव, कळंब, मंचर अशी रोजची यष्टी सुरू झाली आणि मी आंबेगाव तालुक्यातल्या पोरींना लूप शिकवायला लागले.

सर म्हणाले होते तेच झालं. आतला फेरा मोडला, बाहेरचा चालूच. स्थळं येतच राहिली. आत्यानं अबोला सोडला तोसुद्धा नवीन स्थळ आणण्यासाठीच. नोकरी करते म्हणून बघायला यायचे आणि नोकरी सोडशील का विचारून जायचे. मी प्रत्येकाला एकच उत्तर द्यायचे, आणि प्रत्येक वेळी अण्णा तिथं गप्प बसून असायचे. ते माझ्या बाजूचे आहेत का नाहीत, मला कळत नव्हतं. विचारायचं धाडस, एवढी तोंडाळ असून, मला झालं नाही.

एकदा मी मंचरहून आले तर घरात रिकाम्या कपबशा पडलेल्या आणि आत्या तोंड फुगवून बसलेली. न कळवताच पाव्हणे येऊन गेले होते, जुन्नरचे, तालेवार. मला बघितल्याबरोबर आत्या सुरू झाली, "हातचं स्थळ घालवलं तुझ्या बापानं. त्यांनी साधं इचारलं, पोरगी नोकरी सोडंल ना? तर हा म्हणतो, तिला इचारा, ती संध्याकाळच्या यष्टीनं येती. ते म्हणले, तिला काय इचारायचं, तुमी हो म्हणा. तर म्हणतो, माझ्या हो वर जाऊ नका. मागं येकदा माझ्या हो वर ठरलं व्हतं."

मी अण्णांकडं बघितलं. ते चुलीपाशी पाटावर बसून जेवत होते.

"थांबले न्हाईत का?" मी विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी कालवणात बुडवला. "ज्यांना तुझी संध्याकाळपातूर वाट बघवत न्हाई, त्यांच्या घरात तू जन्म कसा काढायचा?"